सीझन जाऊ दे

१८ नोव्हेंबर

"चालतंय ना? मग?"

आठवडाभर खपून केलेल्या माझ्या मांडणीवर कारखान्याच्या मालकांचं, अण्णांचं, उत्तर एवढंच. वर हसून चहा मागवला. मलाही पाजला.

चालतंय! काय चालतंय? कारखान्याच्या हिशेबाचा हा प्रोग्रॅम कोणीतरी लिहून दिला तेव्हा मी शाळेत होते. लिहिणारा आता कुठे आहे, देव जाणे. काळा पडदा, हिरवी अक्षरं, माऊस त्याला ठाऊकच नाही. जीएसटी येऊन इतकी वर्षं झाली, प्रोग्रॅमला अजून पत्ता नाही. म्हणून बिल आधी त्यात मारायचं, मग एक्सेलमध्ये, मग पोर्टलवर. आंब्याचा टेम्पो आला की नोंद आधी फाटकावर कागदावर, मग प्रोग्रॅममध्ये, मग परत माझ्याकडे. आणि आमरसाचे डबे जातात कुठे? परदेशात!

हे बदलायलाच तर मला घेतलं. पुण्यात दहा वर्षं मी दुसरं काही केलेलं नाही. जुनी सिस्टीम काढायची, नवी बसवायची. मुलाखतीत अण्णांनीच एकेक मुद्दा बोटावर मोजून सांगितला होता: करार ३१ मेपर्यंत, तोवर नवीन चालू झालं तर नोकरी कायम, नाहीतर नमस्कार. किती स्वच्छ बोलला होता माणूस!

नवरा, सर्वेश, बोटीवर नोकरीला, थेट जूनमध्ये येणार. लेकीला, आरोहीला, इथे रत्नागिरीत शाळेत घातलंय. आईकडे राहतोय. पोर पुण्यात अबोल झाली होती, इथे आल्यापासून बडबडून कान किटवते. मला परत जायचं नाही. बस्स.

२६ नोव्हेंबर

आज डेमो. पुण्याच्या सॉफ्टवेअर कंपनीचा निलेश पहाटेच्या गाडीने आला. समजावतो छान. अण्णा पुढे सरकून, अगदी मन लावून बघत होते. मध्येच विचारलं, "आणि वीज गेली तर? आमच्याकडं वीज पावण्यासारखी हाय, येते कधी नि जाते कधी." सगळे हसले. निलेशही हसला. चांगला प्रश्न होता.

मला वाटलं, जमलं. तेवढ्यात सावित्रीकाकी — अण्णांच्या बायको, हल्ली रोज डबा घेऊन त्यांच्याबरोबर येतात आणि केबिनमध्ये बसून असतात — म्हणाल्या, "सीझन जाव दे. मग बघू."

नोव्हेंबर चालू आहे! झाडाला मोहोर नाही अजून, आणि सीझन जाऊ दे!

३ डिसेंबर

कोटेशन दिलं. अण्णांनी चष्मा लावून वाचलं, खणात ठेवलं. "आठवड्यात सांगतो."

११ डिसेंबर

"ते कोटेशन आणून दे गो."

"अण्णा, दिलंय. तुमच्या खणात आहे."

"आणून दे तर खरं."

आणून दिलं. पुन्हा छापून, पुन्हा सही करून.

ही आपल्याकडची खास कला. समोरच्याला 'नाही' म्हणायचं नाही. तोंडावर 'नाही' म्हणणं आपल्या रत्नागिरीत वाईट दिसतं ना! त्यापेक्षा लांबण लावायची. कागद मागायचा, मग दुसरा कागद मागायचा, समोरचा कंटाळून आपणच जातो. आमचे मामा असेच सोयरिकी परतवायचे. मी काही कंटाळणार नाही.

२ जानेवारी

वीज गेली. यूपीएसने दोन शिट्ट्या मारल्या आणि मान टाकली. सकाळपासूनची सगळी एंट्री गेली. आमचे हिशेबाचे काशीराम शांतपणे उठले, तंबाखू मळली, परत पहिल्या चलनापासून सुरू!

म्हटलं, काशीरामदादा, तुम्हाला राग येत नाही?

"राग कसला? वीज गेली म्हंजे करायचंच परत." मग हळूच, "नवीन आलं तर मागचा हिशेब दिसंल ना? नायतर लोक मना विचारतील."

दिसेल हो, दिसेल! वीस वेळा सांगून झालं. पुण्यातही हेच असायचं. मोठी काचेची इमारत, सगळे टाय लावलेले, आणि मनात हेच — मागचं हरवलं तर माझ्या गळ्यात येईल. जुनं मोडलं तर दोष जुन्याचा. नवीन मोडलं तर दोष आणणाऱ्याचा. म्हणून कोणी काही आणत नाही. फरक इतकाच की तिथे याला कमिटी म्हणायचे.

२० जानेवारी

आता कौल!

अण्णा गावाला गेले होते, पूर्णगडच्या अलीकडे. नवीन प्रोग्रॅम घ्यावा का, म्हणून देवीला कौल लावला. गुरवाने मूर्तीला कळ्या चिकटवल्या, गाऱ्हाणं घातलं. उजवी कळी पडली तर हो, डावी पडली तर नाही. संगणकासाठी कौल! निलेशला फोनवर सांगितलं तर त्याने दोनदा विचारलं, कोणाला विचारलं म्हणालात?

पण उजवी पडली. अण्णा स्वतः पेढा घेऊन माझ्या टेबलापाशी आले. "देवीनं उजवा दिला गो. आता कर तुझं काय ते."

कधी नव्हे ते देवीवर प्रेम वाटलं. आईला सांगितलं, ती म्हणाली, ओटी भरून ये.

२९ जानेवारी

ऑर्डरचा कागद सहीला नेला. अण्णांनी वाचला. खाली ठेवला.

"हे असं एकदम नको. देवीला विचारायला हवं. कौल लावून येतो."

मला वाटलं, माझे कान गेले. "अण्णा, लावलात ना! उजवा दिला. पेढा दिलात मला."

माझ्याकडे बघत राहिले. मग मोठ्याने हसले. "तुझी परीक्षा घेत होतो. लक्षात हाय का बघत होतो."

परीक्षा! मी काय पाचवीतली पोर आहे? काकी कोपऱ्यातून लगेच, "सीझन जाव दे ना गो. घाई काय हाय तुला?" सही राहिली ती राहिलीच. या दोघांनी मिळून मला खेळवायचं ठरवलंय. ते चेष्टा करणार, या दार लावणार.

१४ फेब्रुवारी

परदेशच्या गिऱ्हाइकाची मेल. यंदापासून त्यांना प्रत्येक डब्याचा आंबा कुठल्या बागेतला ते हवंय. विचारलं की त्याच दिवशी. मी मेल छापून अण्णांपुढे ठेवली. ठेवली काय, आपटली.

"रास्त हाय त्यांचं," अण्णा म्हणाले. "त्या पुण्याच्या पोराला बोलाव एकदा. बघू तरी काय हाय त्याच्याकडं."

त्यांनी अख्खा डेमो बघितला होता!

२४ फेब्रुवारी

दुसरा डेमो. तोच निलेश, तेच सगळं. अण्णा तसेच पुढे सरकून, मन लावून. आणि बरोबर त्याच जागी, "आणि वीज गेली तर? आमच्याकडं वीज पावण्यासारखी हाय..."

तोच विनोद, शब्दाला शब्द. यावेळी कोणी हसलं नाही. निलेशने माझ्याकडे बघितलं, मी टेबलाकडे. काकी तेवढ्या मोठ्याने हसल्या. नवऱ्याचा विनोद, हसायलाच हवं.

जाताना निलेश म्हणाला, "मॅडम, ते आपल्याला बनवतायत का?" म्हटलं, बनवतायत.

१० मार्च

शिमगा होऊ दे.

१७ मार्च

पालखी घरोघरी फिरतेय, निम्मा स्टाफ गावाला. मार्च एंड होऊ दे.

२ एप्रिल

मार्च एंड झाला. मी काही विचारायच्या आत काकी: "आता तर सीझनच लागला."

 बाहेर येऊन आंब्याच्या रिकाम्या क्रेटला लाथ मारली. पाय दुखतोय.

१६ एप्रिल

सीझन जोरात. फाटकापर्यंत टेम्पोंची रांग, अंगाला, केसांना, फोनलासुद्धा आंब्याचा वास. आणि आज परदेशातून विचारणा आलीच: अमुक लॉट, कुठल्या बागेचा?

जुन्या प्रोग्रॅममध्ये नावाला इंग्रजी दहाच अक्षरांची जागा. पूर्णगडचे दोन बागायतदार, बाळकृष्ण आणि बाबाजी. दोघांचंही झालंय 'PURNAGAD B'. काशीराम नि मी दुपारपर्यंत कागद उपसले. घामाने कागद बोटांना चिकटत होते.

शेवटी अण्णांकडे गेले. केबिनमधलं ते जुनं मशीन फक्त तेच वापरतात, दुसऱ्याला हात लावू देत नाहीत. काही न बोलता वळले आणि बोटं चालायला लागली. पडद्याकडे नीट बघतसुद्धा नव्हते. आकडा, एंटर, आकडा, एंटर. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर करकरला. कागद फाडून माझ्या हातात. बाबाजीची बाग, गाडी नंबरसकट.

"बघ. चालतंय ना?"

 बोटं मात्र सुरेख चालतात म्हाताऱ्याची. पण म्हणजे उद्या अण्णा आजारी पडले तर कारखाना बंद? हे मी विचारलं. मोठ्याने विचारलं. काकी डब्याचं झाकण लावत होत्या, हात थांबला त्यांचा. 

२८ एप्रिल

सही झाली! झाली, झाली, झाली!

सकाळी लवकर गेले. काकी अजून खाली पॅकिंगकडे होत्या, अण्णा एकटे, ताजेतवाने. गिऱ्हाइकाची मेल दाखवली. अण्णांनी सगळं वाचलं, चार नेमके प्रश्न विचारले — मुलाखतीतले अण्णा! — आणि सही केली. सुरुवात फाटकावरून, ८ मेला. मग ऑफिस. केबिनमधलं मशीन सगळ्यात शेवटी.

म्हणजे काकीच आड येत होत्या तर. त्या नसल्या की काम होतं. एवढं साधं मला आधी कळू नये?

आईने घावणे केले. आरोहीने विचारलं, "म्हणजे मी याच शाळेत?" म्हटलं, याच शाळेत.

८ मे

लिहवत नाही. तरी लिहिते.

निलेश मशीन, बारकोडचं यंत्र, वायरी, सगळं घेऊन आला. आम्ही फाटकावर मांडामांड करत होतो. अण्णा आले. बघत उभे राहिले. मला वाटलं, खूश होतील.

"हे कोण? कोणी आणलं हे?"

"अण्णा, नवीन सिस्टीम. तुम्ही सही केलीत ना, अठ्ठावीसला."

"मी? मी कसलीच सही नाय केली. माझ्या कारखान्यात मला न विचारता? उचला. उचला सगळं!"

टेम्पोवाले, हमाल, पॅकिंगच्या बायका, सगळे बघत होते. मी सहीचा कागद पुढे केला. त्यांनी बघितलासुद्धा नाही, हात झटकला. कागद खाली आंब्याच्या रसात. काकी धावत आल्या, त्यांना दंडाला धरून आत नेलं. 

निलेशने वायरी गुंडाळल्या. स्टेशनवर सोडताना त्याला तीनदा सॉरी म्हटलं. आयुष्यात इतकं कोणी खोटं पाडलं नव्हतं मला. तेही सही करून! तोंडावर 'नाही' म्हणाले असते तर मी नोव्हेंबरातच गेले असते, पोरीला दुसऱ्यांदा मुळं फुटायच्या आत.

९ मे

गेले नाही. आईला सांगितलं, डोकं दुखतंय. पुण्याच्या जुन्या कंपनीला फोन केला. जूनपासून ये म्हणाले.

आरोहीला अजून सांगितलेलं नाही.

१२ मे

राजीनामा घेऊन केबिनमध्ये गेले. काय काय बोलायचं ते रिक्षात घोकून ठेवलं होतं.

अण्णा जुन्या मशीनवर बसले होते, बोटं सटासट चालत होती. मला बघून थांबले. उठून उभे राहिले, खुर्ची पुढे केली. मला कधी खुर्ची दिली नव्हती त्यांनी. कधी 'अहो'ही म्हटलं नव्हतं.

"या, या. बसा. नवीन प्रोग्रॅमसाठी पुण्याहून आलात ना तुम्ही? नाव काय म्हणालात आपलं?"

मी काकींकडे बघितलं. त्यांनी मान खाली घातली.

"गेल्या पावसापासून," त्या अगदी हळू म्हणाल्या. "घरात माझं नाव विसरतात. पण त्या मशीनवर बसले की बोटांना सगळं येतं. तेवढंच उरलंय गो. मी तरी दुसरं काय सांगणार होते लोकांना?"

अण्णा अजून उभेच होते, पाहुण्याशी हसतात तसे हसत. पर्समध्ये फोन वाजत होता. निलेश.

उचलला.

"मॅडम, सामान अजून माझ्याकडेच आहे, कंपनीत परत करू की नको? आता थांबलोय तरी कशासाठी?"

३१ मे, आरोहीची शाळा, सगळं डोळ्यांपुढे आलं.

"सीझन जाऊ दे," मी म्हटलं.

मग राजीनामा पर्समध्ये टाकला, खुर्चीत बसले, अण्णांना माझं नाव सांगितलं, आणि पहिल्यापासून सगळं समजावायला लागले. वीज गेली तर काय, हे त्यांनी बरोबर त्याच जागी विचारलं. मी हसले.