डोंगरावरचं घर कुणासाठी?

गुरुवार, ५ ऑक्टोबर १९३३

शनिवारी जमिनीवर जायचं म्हणे! दोन रात्री रानात, राहुटी ठोकून! नऊ वर्षं संसार केला, पण त्या जमिनीचं नाव ह्यांच्या तोंडून कधी धड ऐकलं नाही. किहीमच्या मागे डोंगरात आजेसासऱ्यांनी कधीकाळी घेतलेला उतार. भात पिकत नाही. नुसतं गवत, झाडं आणि म्हणे वाघ. आज अचानक तिची आठवण! गोदीच्या कचेरीत बसून नकाशे काढणारा माणूस, जन्मात कधी चूल पेटवली नाही, तो साहेबाची राहुटी उसनी घेऊन आला.

ठमी घरभर नाचतेय. सहा वर्षांची पोर, तिला काय!

मला मात्र कारण ठाऊक आहे. काल नळावरून पाणी घेऊन आले तर आत सासूबाई ह्यांना सांगत होत्या, "येका मान्साचं घर, त्याला कितीसं लागतंय, येसा? पन तिला आताच सांगू नगंस." मी पाऊल आत टाकलं आणि दोघं गप्प!

एका माणसाचं घर. ठमीनंतर माझी कूस उजवली नाही. सासूबाईंच्या भावाची राही नवरा गेल्यामुळे माहेरी परत आली आहे, आणि आमच्यात विधवेचा पाट लावतात. मामाचीच मुलगी, कोण नावं ठेवणार? दोन महिने हे गॅलरीत झोपतात. 'आत उकडतं' म्हणे! मी काय दुधखुळी आहे? मला डोंगरावर नेऊन बसवायचं आणि इथे माझ्या चुलीपुढे राही!

शुक्रवार, ६

तांदूळ, बोंबील, बटाटे, मीठ बांधलं. दिवसभर कुणाशी बोलले नाही. कुणी विचारलंही नाही.

शनिवार, ७. राहुटीच्या दाराशी बसून, शिसपेन्सिलीने

सकाळच्या बोटीने सासूबाईंसह रेवसला उतरलो. मामांनी, म्हणजे सासूबाईंचे भाऊ अंबाजी ह्यांनी, बैलगाडी पाठवली होती. डोंगराखालच्या त्यांच्या वाडीपर्यंत गाडी, पुढे चढण. सामान मामांच्या गड्यांनी वर नेलं.

हे प्रत्येक वळणावर थांबत होते. "बघ, इथून समुद्र कसा दिसतो!" मी म्हटलं, मुंबईत काय समुद्राचा दुष्काळ आहे? हसले नाहीत. दरडीला पाठ टेकून उभे राहिले नुसते. अर्ध्या वाटेत ठमी दमली. हात वर करून म्हणाली, "बाबा, उचला!" तर हे मागे सरले! "आईकडे जा, बाळ." पोरीचं तोंड एवढंसं झालं. मीच उचलली. बायको नकोशी झाली एक वेळ समजू शकते, पण पोटची पोर? तिने काय घोडं मारलंय ह्यांचं?

जागा मात्र — खोटं कशाला लिहू — फार सुंदर आहे. कमरेएवढं गवत, त्यात पिवळी सोनकी. खाली कापणीला आलेलं भात, त्यापलीकडे किहीमच्या माडांची रांग, मग समुद्र आणि खांदेरीचं बेट. वारा असा, की पदर खांद्यावर राहीना. दुसऱ्या कशासाठी आले असते तर वेड लागलं असतं मला इथे.

संध्याकाळी राही दूध घेऊन वर आली. ठसठशीत आहे पोर. "वयनी, दूद कुटं ठेवू? दादा बरा हाय न्हवं?" दादा म्हणते खरी! तिला बघून ह्यांचे गाल लालबुंद झाले, डोळे चमकायला लागले. दिवसभर मेलेल्या उत्साहाने चढणारा माणूस — आणि आता ही कळा! मी डोळ्यांनी पाहिलं.

जेवताना पळसाच्या पानावरची भाकरी घेऊन हे लांब खडकावर जाऊन बसले. रात्री राहुटीतही आले नाहीत, बाहेर घोंगडी टाकली. आमची हवाही लागू नये!

रविवार, ८

सकाळी सगळी जमीन फिरलो. मामा पुढे कोयत्याने गवत बाजूला सारत, मागे आमची वरात. पश्चिमेच्या अंगाला ओहोळ आहे. पाणी इतकं गार, की ठमी किंचाळलीच. एका ऐनाच्या झाडाच्या सालीवर नखांचे ओरखडे होते. मामा म्हणाले, "बिबट्या हाय. पन आपल्या वाटंला जात न्हाय तो." ठमीने राहीचा हात धरला. माझा नाही, राहीचा! दोघींनी मिळून सोनकी वेचली. लेकीच्या वेणीत तिने फुलं माळली आणि माझा जीव जळत असूनही ठमी छान दिसली.

ओहोळाच्या वरच्या अंगाला सपाट जागा आहे. तिथे हे किती तरी वेळ रेंगाळले. वारा कुठून येतो, सकाळचं ऊन कुठवर पोचतं, पावसाचा मारा कुठून — मामांना प्रश्नावर प्रश्न. मग काठीने जमिनीवर रेघ ओढली. एवढीशी खोली! "दोन्ही अंगांनी मोकळी ठेवा, मामा. भिंती अर्ध्याच चालतील." अर्ध्या भिंती! बिबट्याच्या रानात!

सासूबाई लांब झाडाखाली बसून पदराने डोळे पुसत होत्या. मी विचारलं, काय झालं? "काय न्हाय गं. कुसळ गेलं डोळ्यात." दोन्ही डोळ्यांत? मनात म्हटलं, रडा! सुनेचं वाटोळं करताना एवढं तरी वाटू दे.

दुपारी हे ओहोळावर एकटे सापडले. मग राहवलं नाही. म्हटलं, "मी इथे राहणार नाही. कापून टाकलंत तरी नाही."

"तुला कोण राहायला सांगतंय? तू नि ठमी मुंबईतच राहायचं. घर माझ्यासाठी आहे."

"एकट्यासाठी?"

मान खाली घातली. "जेवणाचं राही बघेल. आई बोललीय तिच्याशी."

एवढं सरळ! तोंडावर! मी पुढे झाले तर हात आडवा केला — "जवळ येऊ नकोस. मुंबईला गेल्यावर सगळं सांगतो."

आता काय सांगायचं राहिलं? मला वाटलं होतं, मला घरातून घालवतील. हे स्वतःच घर सोडून तिच्या गावाला निघाले! त्या चार भिंती, ती गॅलरी घेऊन मी काय करू? मला हा माणूस हवा आहे. कुरकुरणारा, चहात जास्त साखर मागणारा, झोपेत नकाशांबद्दल बडबडणारा. लाज सोडून लिहिते, मला हा हवा आहे. पण मागून मिळतो का कधी नवरा? मी खाली येऊन भांडी घासली. राही मदतीला आली, तिला परत पाठवलं.

सोमवार, ९

परतीची बोट. हे एका टोकाला, मी दुसऱ्या, ठमी मधे येरझाऱ्या घालतेय. ठरलं. उद्या पनवेलला भावाकडे.

मंगळवार, १०

ट्रंक भरून दाराशी ठेवली. म्हटलं, "जाते मी. राहीशी पाट लावा आणि सुखात राहा."

"राहीशी?" म्हणाले, आणि हसले. खूप दिवसांनी हसले. हसता हसता ढास लागली ती थांबेना. तोंडाला धरलेला पंचा लाल झाला.

क्षय आहे. डॉक्टरांनी श्रावणातच सांगितलं. मोकळी हवा, आणि बायकामुलांपासून लांब. सासूबाईंना माहीत होतं. मी घाबरेन म्हणून मला सांगितलं नाही.

देवा, राहीच असती तर! भांडून, रडून, पाया पडून परत तरी आणलं असतं.