पहिली स्त्री कलावंत

दवनीवाडा
१४ डिसेंबर २०११

प्रिय ललिता,

इतक्या वर्षांनी माझं अक्षर पाहून तू आधी पाकीट उलटून बघशील. हो, मीच. नूतन, बकारामकाकांची पुतणी. तुझा तुमसरचा पत्ता तुझ्या आईकडून घेतला. कायले पाहिजे, असं तिनं विचारलंसुद्धा नाही. चहा दिला, मुलांची चौकशी केली. मला त्यानंच जास्त वाईट वाटलं.

काका आता थकलेत. एका कानानं ऐकू येत नाही. परवा मला म्हणाले, "नाटक मंडळ बंद पडलं ते बरंच झालं." एकोणीसशे नव्याण्णवमध्ये हेच काका धान कापून झाल्याबरोबर घरोघर फिरून माणसं गोळा करत होते. शाळेच्या व्हरांड्यात काकांची पेटी, तुझ्या बाबांची ढोलकी, आणि राणी म्हणून मिशा काढलेला हिरालाल. त्याला पाहून बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. दुसऱ्या वर्षी तू उभी राहिलीस. तुमच्या मोहल्ल्यातल्या लोकांनी तुझ्या बाबांना विचारलं, पोरीले काऊन नाचवून राहिला. आमच्याकडचे तर काय काय बोलले, ते लिहीत नाही. तुझे सुकरामबाबा एवढंच म्हणाले, "नाचून नाही राहिली, गाऊन राहिली."

मी पडद्यामागे वही घेऊन बसायची, तू वाक्य विसरलीस तर सांगायला. तू विसरायचीच नाहीस. कामठ्याच्या मंडईच्या जत्रेत तू वरचा सूर धरलास आणि चिवडेवाला पुडी बांधता बांधता तसाच उभा राहिला. मला अभिमान वाटला. हेवाही वाटला. हे आज पहिल्यांदा लिहिते आहे.

दोन हजार दोनच्या नाटकाबद्दल तुला जे माहीत नाही ते असं. शेवटच्या प्रवेशात राणी देवीची पूजा करते आणि गावातल्या बाया स्टेजवर येऊन तिची ओटी भरतात, असं काकांनी बसवलं होतं. प्रयोगाच्या आठ दिवस आधी, ज्या गावात तो होणार होता तिथले तिघं घरी आले. मी पाणी नेऊन दिलं. एक जण म्हणाला, "पोरगी गोड गाते, त्याच्यात वाद नाही. पण आमच्या बाया बौद्धाच्या पोरीची ओटी भरणार नाहीत. राणी बदला, नाहीतर आम्ही दुसरं मंडळ सांगतो." काकांनी ओटीचा प्रवेश काढून टाकतो म्हणायला हवं होतं. किंवा उठा म्हणायला हवं होतं. त्यांनी मला चहा ठेवायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशीची तालीम तुला आठवतच असेल. एकाच ओळीवर त्यांनी तुला दोनदा थांबवलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "आवाज फाटला तुझा, ललिता. वरच्या पट्टीत जाऊन नाही राहिला." तू कोमट पाणी प्यायलीस, पुन्हा म्हटलंस, आणि तिसऱ्यांदा खरंच फाटला, कारण तू रडत होतीस. सुकरामबाबांनी ढोलकी खाली ठेवली. ते पुन्हा कधी आले नाहीत. राणी मी झाले. चार वर्षं मीच राणी होते. बाहेरच्या ढोलकीवाल्याबरोबर आमचा ताल कधी बसला नाही, एकेक जण सुटत गेला, मंडळ संपलं.

तीन वर्षांपूर्वी गोंदियात तुमच्या नात्यातल्या संघदीपच्या लग्नात तुला पाहिलं. सगळे त्रिसरण म्हणत होते. तुझे नुसते ओठ हलत होते. मी मागच्या रांगेत होते. भेटायला पुढे आले नाही.

आता गावातल्या पोरांनी मंडळ पुन्हा उभं केलंय. या रविवारी जुन्या लोकांचा सत्कार आहे. पत्रिकेत माझं नाव आहे, 'मंडळाची पहिली स्त्री कलावंत' म्हणून. पत्रिका घेऊन आलेल्या प्रफुल्लला मी चूक सांगितली नाही. ब्लाऊज शिंप्याकडे टाकून आले. मग दोन दिवस जेवण जाईना.

ललिता, त्या दिवशी ते तिघं गेल्यावर काका स्वयंपाकघरात येऊन बसले. "पोरीले काय सांगू?" म्हणाले. मी म्हटलं, आवाज फाटला म्हणा. ते वाक्य माझं होतं. जातीचं ऐकून तुला जास्त लागलं असतं, म्हणून मी तसं सुचवलं, असं इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. पण त्या नाटकातली राणीची सगळी पदं मी आधीच पाठ केली होती. सत्काराला मी जात नाही. स्टेजवर जाऊन हे सगळं सांगावं, असंही मनात आलं होतं. पण मी बोलून मोकळी झाले असते आणि तुला ते तिसऱ्याकडून कळलं असतं. गावाला सांगायचं की नाही, ते तू म्हणशील तसं. तुला मात्र हे कळायलाच हवं. तुझा आवाज फाटला नव्हता. काकांनी थांबवलं त्या दोन्ही वेळा तो जिथं जायला हवा तिथंच गेला होता. मी ऐकलं आहे.

'तुझीच' लिहायची हिंमत नाही,
नूतन