भारतची साक्ष

दौंड, ३ मार्च २०२५

चि. भारत यास,
ताईचा प्रभूमध्ये सलाम. वि. वि.

हातात मोबाइल असताना ताई पत्र काय लिहिते, म्हणून तेजश्री हसेल. हसू दे तुझ्या बायकोला. फोनवर बोलावं तर पप्पांची खाट शेजारीच, आणि त्यांचं अर्धं अंग गेलंय, कान शाबूत आहेत. घरच्या ग्रुपवर लिहावं तर सगळे हात जोडलेली चित्रं टाकून मोकळे होतात.

गेल्या आठवड्यात एका दुपारी मी पप्पांना कुशीवर वळवत होते, तेवढ्यात दारात रांजणगावची दोन माणसं उभी. त्यांना म्हणे चालणारे आजोबा बघायचे होते. पत्ता चुकला असेल असं मला वाटलं. मग त्यांना अंगणात नेलं, तिथे त्यांनी मोबाइल पुढे केला, तर त्यात तू. तुमच्या फेलोशिपच्या उपासनेत, तू वाजवतोस त्या कीबोर्डमागे उभा राहून साक्ष देतोयस, की माझे वडील अंथरुणाला खिळले होते, आमच्या उपासप्रार्थनेनंतर ते उठले आणि चालू लागले. अरे, मी तुला एवढंच सांगितलं होतं की त्यांनी लुळ्या हाताने कप धरला. चहाही सांडलाच होता.

तेव्हापासून रोज कोणी ना कोणी येतं. काल तुमच्या शिक्रापूरकडची नकुशी आली होती. तिचा नवरा हरिबा, त्याच्याही अंगावरून वारं गेलंय. पप्पांना पडलेलं बघून तिला वाटलं, आबा दुपारचे जरा आडवे झालेत. तिने विनवलं, की आबा, तुमी उठला, आता माझ्या मालकासाठी बी मागा. पप्पांना तुझ्या साक्षीचं काहीच ठाऊक नाही. त्यांनी अडखळत प्रार्थना केली. मला खरं सांगायचा धीर झाला नाही. ती गेल्यावर स्वयंपाकघरात जाऊन रडले.

मी दमलेय रे. पप्पांचं करून नाही, या लोकांच्या तोंडाकडे बघून. येत्या रविवारी उभा राहा आणि खरं काय ते सांग. दुसरं काही मागत नाही.

रागावलास तरी लोभ आटू देऊ नकोस.

तुझी,
अनुपमाताई


शिक्रापूर, ९ मार्च २०२५

ती. ताईस,
भारतचा सप्रेम सलाम. वि. वि.

आज रविवार होता. मी बोललो नाही. कारण लिहितो, मग काय बोलायचं ते बोल.

त्या दिवशी मी नाइट शिफ्ट करून थेट उपासनेला गेलो होतो. कोणाच्या घरी प्रभूने काही केलं का, असं पास्टरांनी विचारलं. एकही हात वर झाला नाही. आमच्यात सगळे भाड्याच्या खोल्यांत राहणारे, कोणी बीडचे, कोणी बिहारचे, सगळ्यांची आईबापं लांब. मी उठून म्हणालो की वडिलांचा हात हलला. टाळ्या पडल्या, हालेलुया झाला, आणि पुढच्या वाक्यात माझ्या तोंडून निघालं की ते उठले. मग चाललेच. विश्वासाने आधी बोलायचं, प्रभू पुरं करतो, असं आम्हाला शिकवतात. बोलताना मला ते खरंच दिसत होते गं, हातात डबा घेऊन रेल्वेच्या ड्युटीला निघालेले.

आता पास्टर म्हणतात, साक्ष मागे घेतलीस तर नवे विश्वासी ठेचकाळतील. मला मात्र वेगळीच भीती वाटते. तू तिथे रोज त्यांचं सगळं करतेस. मी इथून फक्त प्रार्थना करतो. तीही खोटी निघाली, तर पप्पांसाठी मी केलेलं काहीच उरत नाही.

पप्पांना सलाम सांग. मला मनातून काढू नकोस.

तुझा,
भारत


दौंड, १५ मार्च २०२५

चि. भारत यास,
सलाम. वि. वि.

काल नकुशी पुन्हा आली. मी दोरीवर कपडे वाळत घालत होते, तेवढ्यात तिने पप्पांना तो व्हिडिओ दाखवला. ती गेल्यावर मी बादली ठेवायला वळले, आणि धपकन आवाज आला.

ते उभं राहायला गेले होते. ओठ फुटला, कपाळाला टेंगूळ आलं. हाड मोडलं नाही, प्रभूची कृपा. शेजारच्या तानुबाईला हाक मारली, दोघींनी मिळून त्यांना खाटेवर घेतलं. हे काय केलंत, म्हणून मी ओरडलेच त्यांच्यावर. त्यांचं बोलणं तुला माहीत आहे, अर्धं कळतं, अर्धं नाही. पण हे स्पष्ट कळलं. म्हणाले, की पोरगं खोटं पडंल.

आता मी काही मागत नाही. तुला जमेल तसं कर. रागावलेली नाही, तेवढी ताकदच उरली नाही.

माया आहे तशीच आहे.

अनुपमाताई


शिक्रापूर, २४ मार्च २०२५

ती. ताईस,
सलाम. वि. वि.

तुझं पत्र कंपनीच्या बसमध्ये वाचलं. घरी आल्यावर तेजश्रीला वाचायला दिलं, आणि त्या रात्री आम्ही दोघं जेवलो नाही.

काल उभा राहिलो. सांगितलं की माझे वडील चालत नाहीत, मी खोटं बोललो. माझी साक्ष खरी करायला ते उठले आणि पडले. प्रभूने त्यांना उठवलं असं मी इथे म्हणालो होतो, पण त्यांना रोज माझी बहीण उचलते. तोवर माइक बंद झाला होता, म्हणून शेवटचं मोठ्याने बोललो. टाळ्या नाहीत, काही नाही. तेजश्री उठून माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

मागच्या रांगेत नकुशी होती. तिने विचारलं, की मंग माझ्या मालकाला कोण उठवनार? आम्ही बाहेर पडलो तेव्हा पास्टर पाठ करून उभे होते. कीबोर्डवर आता दुसरा कोणी बसेल. वाईट वाटतं, खोटं कशाला लिहू.

गुरुवारची माझी सुट्टी यापुढे दौंडला. पप्पांना कसं उचलायचं ते मला शिकव. मला तेही येत नाही.

चुकलो, पण तुझाच आहे. सांभाळून घे.

भारत


दौंड, २६ मार्च २०२५

चि. भारत व सौ. तेजश्री यांस,
सलाम व आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पप्पांना वाचून दाखवलं. त्यांनी ते उशाखाली ठेवून घेतलं, पुन्हा देईनात.

आज सकाळी नकुशी दारात दिसली. म्हटलं, आता ही शिव्या घालणार, आणि त्या ऐकून घ्यायच्या असं ठरवून मी दार उघडलं. पण ती आत येऊन पप्पांच्या खाटेशी बसली. म्हणाली, की तुमचा भाऊ म्हनला, आबांना भन उचलती. माझ्या मालकाच्या पाठीला जखमा झाल्यात, मला एकटीला त्यांना वळवता येत न्हाई. तवा तुमी कसं वळवता ते दावा.

मग दाखवलं. गुडघ्याखाली हात कसा घालायचा, खांदा कुठे धरायचा, आधी उशी कुठे सरकवायची. पप्पा कण्हत होते, पण तिने पुन्हापुन्हा केलं तरी करू देत होते. एकदा तर जोर लाव म्हणून खूणही केली. आता तुमी बसा, मी एकटी करून बघते, असं ती म्हणाली, म्हणून मी जरा खुर्चीत टेकले.

जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. पप्पा अंग पुसलेले, सदरा बदललेला, भिंतीकडे तोंड करून नीट झोपलेले. नकुशी केव्हाच निघून गेली होती. तेव्हा दारात आलेली तानुबाई सांगत होती, की जाताना ती मला उठवणार होती, पण पप्पांनी तिचा पदर धरून तिला अडवलं, म्हणाले, झोपू दे तिला.

प्रेम असू दे.

तुझी,
अनुपमाताई