आधी फ्लेक्स, मग शर्यत

१० डिसेंबर, मंगळवार

फ्लेक्स लागला! उंब्रजच्या चौकात, हा एवढा मोठा. ‘कु. क्रांती हिची राज्य संघात निवड — हार्दिक अभिनंदन!’ अहो पण निवड चाचणी शनिवारी आहे, सांगलीत. अजून पळायचंय मला! लालासाहेबमामांना विचारलं तर म्हणे, निवड होणारच, मग उशीर कशाला? खाली त्यांचा मिलिटरीतला फोटो — माझ्या फोटोपेक्षा मोठा.

पण रागवू कशी? बाबा गेल्यापासून आम्ही मामांकडंच राहतो. माझे बूट, खुराक, पहाटे मोटारसायकल घेऊन मागं मागं येणं — सगळं तेच करतात. पलटणीत ते आठशे मीटर पळायचे. म्हणून मीही आठशेच.

१२ डिसेंबर, गुरुवार

डेअरीत अभिनंदन, एसटीत अभिनंदन. मी आपली हसते. आणि पटकन सटकते.

मंगल मॅडमनी आज सरावाला घड्याळच लावलं नाही. म्हणाल्या, फ्लेक्स नसता, मामा नसते, मीपण नसते, तर पळाली असतीस का? मी आपली बुटाची नाडी सोडून परत बांधत बसले. रागावल्या नाहीत. अशी कोच मिळायला भाग्य लागतं.

१४ डिसेंबर, शनिवार

सहावी आले. दोघींनाच घेतलं.

शेवटच्या वळणावर पुढच्या मुली दिसतच नव्हत्या, नुसता फ्लेक्स दिसत होता.

येताना मामांनी गाडी थांबवली. पेठनाक्यावर भजी घेतली, त्यांच्या प्लेटमधली अर्धी मलाच दिली. आणि उंब्रजला चौक टाळून मागच्या गल्लीनं गाडी घातली. मला रडूच आलं. किती जपतात मला!

१६ डिसेंबर, सोमवार

पळाले नाही.

१९ डिसेंबर, गुरुवार

मामीला रानात डबा द्यायला गेले होते. परत येताना कॅनॉलच्या रस्त्यानं सहज पळत सुटले आणि घराचा फाटा मागं टाकून मसूरच्या बाजूला कितीतरी लांब गेले. मागं गाडी नाही, शिट्टी नाही. थांबावंसंच वाटेना! मॅडमच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं — पळाले असते. पण आठशे नाही, लांबचं.

मामांना हे कसं सांगायचं? आठशे म्हणजे त्यांचा जीव. वाईट वाटलं त्यांना तर?

२० डिसेंबर, शुक्रवार

सांगून टाकलं. मामांनी मोटारसायकलची किल्ली खुंटीला अडकवली. मग म्हणाले, “तुला काय आवडतंय, ते इचारायचंच ऱ्हायलं बघ माझ्याकडनं.”