घंटी दोनदा वाजली त्याची हकीकत

बोरी अरब,
सोमवार

ती. सौ. विमलताईस उकंडाचा नमस्कार.

भाऊजींचा गुडघा, तुझा खोकला आणि वणीची कोळशाची धूळ, तिघांचीही प्रकृती ठीक असेल अशी आशा करतो (धुळीची असणारच). इकडे तुझी भावजय वच्छला मजेत आहे. माझं म्हणशील तर कालपासून मी गावात मागच्या गल्लीनं हिंडतो आहे आणि याला कारण तू आहेस.

प्रेरणाच्या लग्नात पंगतीत वाढता वाढता तूच सगळ्यांना सांगितलंस ना, की आमचा उकंडा नागपूरहून ध्यान शिकून आला आणि आता शिकवतो म्हणून? ताई, मी तिथे रक्तदाबासाठी गेलो होतो. श्वासावर लक्ष ठेवायचं, विचार आला तर येऊ द्यायचा, गेला तर जाऊ द्यायचा, एवढंच शिकलो. बरं वाटलं हे खरं. पण शिकवणारा माणूस मुळात शांत हवा. माझी हयात एसटीत कंडक्टर म्हणून दारात लटकणाऱ्यांवर ओरडण्यात गेली. त्यात हे नाव, उकंडा म्हणजे उकिरडा. तुझ्यानंतर आईची लेकरं जगली नाहीत म्हणून मला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवलं आणि तू उचलून घरात आणलंस, म्हणून मी वाचलो, असं तू अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतेस. वाचलो, पण नाव चिकटलं. आता उकिरड्यावरच्या माणसानं लोकांना मन झाडायला सांगायचं का?

तरी काल समाजमंदिरात सतरंजी टाकली. माझा जुना ड्रायव्हर फकिरा आला, दिवाळीत नवरा गेलेली रुखमाबाई आली, आणि उकंडा काय दिवे लावतो ते पाहायला बाकीचेही आले. सगळ्यांनी डोळे मिटले. आता घंटी हळूच एकदा वाजवायची आणि सुरुवात करायची, असं नागपूरला शिकवलेलं. पण आपण रिटायर झालो हे हाताला कुठं ठाऊक? त्यानं सवयीनं दोनदा वाजवली. डबल बेल म्हणजे गाडी सोड. फकिरानं मिटल्या डोळ्यांनी पाय दाबला आणि शेजारच्या सुनीलचा गुडघा धरून गिअर टाकला. सुनील ओरडला. गाडी सुटते म्हणून बायका पिशव्या घेऊन उभ्या राहिल्या. जे हसू उसळलं ते थांबेना. माझे कान तापले. मी हात जोडून म्हटलं, मलाच जमत नाही, तुम्हाला काय शिकवू, जा आपापल्या घरी.

त्यावर फकिरा म्हणाला, "अबे उकंडा, घाबरून कायले राह्यला? गाडी थांबवाची असन तं एक बेल दे ना."

मी एकदा वाजवली. ताई, सगळे खाली बसले. एका घंटीला थांबायचं, हे या लोकांच्या अंगात मुरलेलं आहे (आणि ते मीच मुरवलं आहे). कोणी खोकलंसुद्धा नाही. मी काही शिकवलं नाही, कारण नागपूरचं सगळं विसरलो होतो. नुसता बसलो. पंख्याचा आवाज येत होता, बाहेर शेळी ओरडत होती, आणि माझी भीती तिथेच होती, पण तीही गप्प बसली होती.

उठताना रुखमाबाई म्हणाली, "भाऊ, मालक गेले तवापासून डोक्शात गाडी चालूच राह्यते. आज जराशी थांबली."

पण हे सगळं चुकून झालं. चुकीच्या भरवशावर वर्ग चालत नाही. म्हणून मी तो बंद करतो आहे. सुरुवात तू केलीस, तेव्हा लोकांना तसं तूच कळव. भाऊजींना नमस्कार.

तुझा धाकटा भाऊ,
उकंडा

ता.क. आत्ताच रुखमाबाई येऊन गेली. रविवारी तिची जाऊ बिजलीबाई पण येणार म्हणते. मी नाही म्हणायच्या आत वच्छलानं चहा देऊन "हो, आणा न" म्हणून टाकलं.

पुन्हा ता.क. वर्ग बंद झाल्याचं कोणाला सांगू नकोस. तू शनिवारीच इकडे ये आणि रविवारी अगदी समोर बस. हात आवरला नाही आणि घंटी दोनदा वाजली, तरी तू उठू नकोस. तू बसलीस की बाकीचेही बसतील. एकदा उकिरड्यावरून उचलून आणलं आहेस, या वेळी नुसतं बसायचं आहे.