मेघनाची गाडी गार आणि गप्प करताना

शनि. ५ जुलै
मेघना गाडी घेऊन हायवेपर्यंत गेली आणि लगेच परत आली. उतरली ती लंगडतच. डाव्या घोट्यापाशी चांगलंच लाल झालं होतं. विचारलं, काय झालं? तर कानावर हात ठेवून ओरडली, "बाबा, आय कान्ट हिअर यू!" शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं.
चार वर्षं जोडतेय ती ही गाडी. खोक्यांतून सुटे भाग आले, पाने हिने फिरवले, उजेडाला बॅटरी धरून मी उभा. सून अमेरिकेत घरी गाडी जोडते हे बार्शीला अजून कुणाला खरं वाटत नाही. दोन सीटची, वर छप्पर नाही, धुराचे पाइप दोन्ही दारांखालून. दिसायला नवरीसारखी. आत बसलं की भट्टी, आणि आवाज पिठाच्या गिरणीचा.
संध्याकाळी नवऱ्याला, आमच्या प्रकाशला म्हणाली, "आय ॲम डन. विकून टाकू." तो म्हणाला, "बरं." इतक्या पटकन म्हणायला नको होतं त्याने.
इंटरनेटवर जाहिरातही टाकून मोकळी झाली. जेवण गेलं नाही मला. बी.पी.ची गोळी घेतली का ते आठवत नाही.

रवि. ६ जुलै
झोप नाही. घरात प्रत्येक जण आपापल्या फोनमध्ये. सौ. तिच्या मालिकांमध्ये. मेघना माझ्याशी बोलते ती फक्त गॅरेजमध्ये. "बाबा, ते द्या", "बाबा, हे धरा", मग हळूहळू ऑफिसचं, तिच्या आईचं, सगळंच. गाडी गेली की ती मला काय द्या म्हणणार?
चहाच्या वेळी धीर केला. "गार नाही का करता येत तिला? आवाज कमी?"
"येतं. पण सगळं आतलं काढावं लागतं, बाबा. इट्स अ लॉट."
"मला दुसरं काय काम आहे?"
तिने कप खाली ठेवला. मग म्हणाली, महिनाअखेरपर्यंत ट्राय करू. जाहिरात मात्र राहू दे.
प्रकाशने भुवया उंचावल्या फक्त.

बुध. ९ जुलै
खोकी आली. डांबरासारखे काळे चिकट तक्ते, एका बाजूला चांदीसारखा कागद. ते आवाजासाठी. वर फोमचा थर, तो उष्णतेसाठी. शिवाय पाइपवर गुंडाळायची पट्टी.
मेघनाला विचारलं, हे पेट नाही ना घेणार?
"नाही, बाबा."
"नक्की?"
"नक्की."
थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. "बाबा!!"
सीट काढल्या, गालिचा काढला. आत नुसतं पत्र्याचं खोकं. टिचकी मारली की घंटेसारखं वाजतं. तक्ता चिकटवून मारली की ठप्प. दोघांनी मिळून टिचक्या मारत सगळी गाडी पालथी घातली. ठण्, ठण्, ठप्प. हसू आवरेना. सौ. दारात येऊन बघून गेली.

शनि. १२ जुलै
तक्ता दाबून बसवायचा रोलर मोडला. माझ्याच हातून. दुसरा यायला दोन दिवस, आणि मेघनाला सुटी आज-उद्याच. मी स्वयंपाकघरातून लाटणं आणलं. काय सुरेख बसतो तक्ता! कडेपर्यंत, एक फुगा नाही. मेघनाने फोटो काढून मैत्रिणींना पाठवला.
सौ.ला कळलंच. "अहो, आता याच लाटण्याने पोळ्या खायच्या का आम्ही?"
धुऊन ठेवतो म्हटलं.
"डांबर धुऊन जातं होय? ठेवा तुमच्या गाडीलाच. दोघं सासरा-सून तिकडेच जेवा."
मेघना म्हणाली, "आई, मी तुम्हाला नवं आणते."
"संगमरवरी आण," सौ. म्हणाली. तिला बरेच दिवस हवं होतं. खूश आहे मनातून.

रवि. १३ जुलै
घोळ. मी इतकं नीट चिकटवलं की सीटच्या बोल्टांची भोकंही बुजवली. सगळी. आता कुठे आहेत तेच दिसत नाही. वाटलं, झालं, संपलं, आता विकणारच.
मेघना जमिनीवर बसली आणि पोट धरून हसली. मग दोघांनी दाभण घेऊन टोचत टोचत शोधली. एक सापडलं की ती "येस!" म्हणून ओरडायची. शेवटचं मला सापडलं. मीही ओरडलो.

गुरु. १७ जुलै
ऑफिसमधून लवकर आली. पाइपना पट्टी गुंडाळून कालच झाली होती. आज इंजिन चालू केलं आणि पट्टीतून धूर! पांढरा, दाट. माझ्या मनात पहिल्या दिवसापासून जे होतं तेच. बागेचा पाइप ओढला आणि सोडलं पाणी.
ते सगळं मेघनाच्या अंगावर. गाडीला थेंबसुद्धा लागला नाही.
"बाबा, पहिल्यांदा धूर येतोच त्याला! मी सांगितलं होतं!"
सांगितलं असेल. तेव्हा मी आगीचाच विचार करत असणार.
ती चिंब, केसांतून पाणी निथळतंय, आणि नेमका प्रकाश गाडी लावत होता. काचेतून बघत बसला बराच वेळ, उतरलाच नाही. मग उतरून म्हणाला, "मी काही विचारत नाही."

शनि. १९ जुलै
आज मी पहिल्यांदा बसलो. आत पाय ठेवताना चपला बाहेर काढल्या, नवा गालिचा आहे. मेघना म्हणाली, चपला राहू द्या. मी म्हटलं, छे.
तलावापर्यंत जाऊन आलो. उजव्या बाजूचा दांडा घट्ट धरून होतो, अजून बोटं दुखतायत. पण हवा! डोक्यावरून झाडं पळतात. ओरडावंसं वाटलं. ओरडलो नाही, लोक बघतील.
परत आल्यावर ती म्हणाली, अजून कुठून तरी गरम येतंय, कुठून ते कळत नाही. मी म्हटलं, माझ्या डाव्या पायाच्या अंगठ्यापाशी येतंय की. फुंकर घातल्यासारखं. तिच्या पायात जाड बूट, तिला कसं लागणार? गालिचा उचलला तर पत्र्याला एक बिनकामाचं भोक, तक्ता तिथे उचकटलेला.
मग तिने मला चालकाच्या सीटवर बसवलं. गाडी उभीच, इंजिन चालू, मी अनवाणी. जन्मात पहिल्यांदा स्टिअरिंग हातात. "आता सांगा, कुठे?" मी पायाने चाचपत सांगत गेलो. क्लचशेजारी. त्याच्या वर. कोपऱ्यात. ती खडूने खुणा करत गेली. सगळी भोकं बुजली. एक पाय थोडा भाजला, सौ.ला सांगितलेलं नाही.

रवि. २० जुलै
आवाज किती कमी झाला? मेघनाच्या फोनमध्ये आकडे दिसतात, त्यावर माझा विश्वास नाही. ती म्हणाली, मग तुम्ही बोलत राहा, मला ऐकू येतं का बघू. काय बोलू? पाढे म्हणायला लागलो. सातवीपर्यंतच शिकलो, पण पाढे पक्के. बार्शीच्या दुकानात तेच कामाला आले. बाराचा, एकोणतीसचा, मग पावकी, दिडकी.
"वेट, हे काय आहे? दीडचा टेबल?"
औटकी म्हटली. साडेतीनचा पाढा. ती सिग्नलला हिरवा लागला तरी थांबून राहिली, मागून हॉर्न.
हायवेवरही शब्द न् शब्द ऐकू आला म्हणाली. घोटा गार. येताना ती दिडकी म्हणत होती, मी चुका काढत होतो. "बे दिडे तीन" एवढं मात्र फर्मास म्हणते.
आता विकायचं कारणच उरलं नाही. निवांत वाटतंय. असं निवांत वाटलं की भीती वाटते.

शनि. २६ जुलै
वाटलंच होतं. जाहिरात बघून रॅलेहून एक गोरे आजोबा आले. माझ्याच वयाचे, पांढरी दाढी, बोलायला गोड. वाईट असते तर बरं झालं असतं. मेघनाबरोबर चक्कर मारून आले, उतरले आणि मला म्हणाले (प्रकाशने मराठीत सांगितलं), अशा बऱ्याच गाड्यांत बसलोय, इतकी गार आणि शांत एकही नव्हती, कुणी केलं हे काम?
मेघनाने माझ्याकडे बोट दाखवलं. त्यांनी हात हातात घेऊन कितीतरी वेळ हलवला.
त्यांना गाडी हवीच आहे. शुक्रवारी फोन करतो म्हणाले.
सौ. म्हणाली, "भोगा आता. इतकं चांगलं करायला सांगितलं होतं कुणी?"

सोम. २८ जुलै
मेघनाला विचारलं. म्हणाली, "बाबा, आय डोन्ट नो. आधी विकायची होती कारण बसवत नव्हतं. आता बसवतंय, आणि तो माणूस इतका छान आहे..."
मी म्हणणार होतो, नको विकूस. गाडी तिची. सासऱ्याने किती बोलायचं.
मग भाजी जास्त तिखट झालीय असं काहीतरी म्हटलं. भाजी तिनेच केली होती.

बुध. ३० जुलै
प्रकाश चार वर्षांत एकदाही त्या गाडीत बसला नव्हता. आज संध्याकाळी मेघनाने किल्ली हलवली, "आइस्क्रीम?" आणि गेला! सौ. आणि मी खिडकीत. उशीर झाला तशी मला काळजी. सौ. म्हणाली, "लग्न झालेली माणसं आहेत, येतील."
आली. प्रकाशचे केस उभे, शर्टावर आइस्क्रीम. दारातूनच म्हणाला, "बाबा, आत बोलता येतं की!" मग दोघं गाडीपाशी उभी राहून कितीतरी वेळ बोलत होती. काय ते ऐकू आलं नाही. मी पडदा सोडला.

शुक्र. १ ऑगस्ट
मेघना आज घरून काम करतेय. दुपारी गॅरेजमध्ये होती. डिकीच्या झाकणाला आतून तक्ता लावत होती, ते एकच राहिलं होतं. मी विचारलं, विकायची तर हे कशाला? म्हणाली, "राहिलं होतं ना." यावरून काय समजायचं?
दोन्ही हात काळे, चिकट. मी तक्त्याची दुसरी कड धरलेली. आणि बाकड्यावर तिचा फोन वाजला.
"बाबा, बघा ना कोण आहे."
नाव वाचता आलं. तेच आजोबा.
"घ्या ना तुम्ही. माझे हात बघा."
"मी? माझं इंग्रजी... काय सांगू त्यांना?"
"तुम्हाला वाटेल ते." तोंड डिकीत, माझ्याकडे बघेना. हसत होती की काय, पाठ तरी हलत होती.
फोन वाजतोय. माझ्या हातालाही चिकट. अंगठा तीनदा घासला तेव्हा कुठे लागला. तिकडून त्यांचा तो गोड आवाज, "हॅलो? हॅलो, मेघना?"
मी घसा साफ केला. म्हटलं, "हॅलो. दिस इज फादर."