पायलीची शीग

अमरावती

प्रिय माय,

वसतिगृहाच्या मोठ्या बाईंनी आज मला बोलावलं. स्वयंपाकघरातला तक्ता पुसट झालाय, नव्या रंगाने लिहून द्या म्हणाल्या. तोच माझा तक्ता, एक पायली ज्वारी म्हणजे इतके किलो, एक पायली तूरडाळ म्हणजे इतके. मी नाही म्हणाले. का, ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

तुझं तेरावं झाल्यावर मामाने बार्शीटाकळीहून तुझी पायली आणून दिली. काल ती तुझ्यासारखी भरली, वरून दाणे ओघळायला लागेपर्यंत. मग ती ज्वारी काट्यावर घातली. माझा आकडा चुकलेला निघाला. दहा पायल्यांमागे जवळजवळ एक पायली कमी!

आठवतं तुला, तू इथे स्वयंपाकाला होतीस आणि पायलीच्या जागी किलो आले, तेव्हा मी किती हुरळले होते? इथल्याच शाळेतली गणिताची बाई ना मी, बी.एस्सी. झालेली! तू पायलीवर शीग लावलीस आणि मी हातातल्या फूटपट्टीने ती सपाट केली, आणि तीच तोलून तक्ता केला. माप म्हणजे काठापर्यंत, वरचं ते माप नव्हे, असं तुला शिकवलं. जन्मभर ज्वारी मोजलेल्या तुला!

तू पट्टीकडे पाहून म्हणालीस, "माहं माप खोटं नाई, पोरी. तुई पट्टी खोटी हाये."

मी हसले. त्या दिवशी डायरीत लिहिलं, 'आईचा हट्ट.' ते पान आत्ता समोर आहे.

मग त्या तक्त्याप्रमाणे ज्वारी तोलून मिळू लागली आणि मुलींच्या शेवटच्या पंगतीला भाकरी पुरेना. कालपर्यंत पुरत होती, आज कशी पुरत नाही? तक्ता तर बी.एस्सी. बाईंचा. म्हणजे भाकरी बाहेर जातात! मोठ्या बाईंनी फाटकाशी तुला पदर झटकायला लावला. तू झटकलास, आणि शांतपणे म्हणालीस, "पदरात काई नाई, बाई. दुष्काळ तुमच्या काट्यात हाये."

मी वर्गाच्या दारात उभी होते. तुझा संशय मी घेतला नाही, एवढं खरं. पण आकड्याचाही घेतला नाही. ते कसं विसरू?

आणि तूही पुन्हा बोलली नाहीस! काम सोडलंस, पायली काखेत मारलीस आणि मामाकडे निघून गेलीस. लेकीची चूक चारचौघांत उघडी पडू नये म्हणून का? असं असेल तर ते मला मुळीच आवडलेलं नाही, माय. मला तसं सांभाळायला नको होतं.

मोठ्या बाईंना आज हे सगळं सांगितलं. जुनं कशाला उकरता, गुपचूप आकडा बदला, असं त्यांचं म्हणणं. गुपचूप? पदर तर भर फाटकात झटकवला होता!

सोमवारी मुली जेवायला बसल्या की त्यांच्यासमोर तुझी पायली शिगोशीग भरीन आणि काट्यावर घालीन. तक्त्यावर लिहीन, 'एक पायली, शीग लावून.' त्याखाली आधीची चूक कोणाची, तेही माझ्या नावानिशी लिहीन. मग नोकरी राहो न राहो.

आणि मोजताना पहिल्या पायलीला 'एक' म्हणणार नाही. तुझ्यासारखं मोठ्याने 'लाभ' म्हणेन.

तुझी पट्टीवाली,
कमल